ओजूची बालवाडी कुणाच्या पैशावर?

फिलाडेल्फिया

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, अमेरिकेत आपल्या ओजूची बालवाडी फुकट कशी, तिथं तर श्वास घ्यायलाही पैसे पडतात म्हणे. अमोल म्हणाला, "कोकाकोलावर चालते," आणि तुम्हाला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, बाबा. फोनवर सांगत बसले असते तर आईनं मध्येच फोन ओढून घेतला असता, म्हणून लिहून पाठवते.

या शहरात १ जानेवारी २०१७ पासून गोड पेयांवर औंसाला १.५ सेंट कर आहे. औंस म्हणजे साधारण ३० मिली. नेहमीच्या कॅनला १८ सेंट होतात, २ लिटरच्या बाटलीला डॉलरभर. कायद्यानं तो घाऊक वितरकावर आहे, पण वितरक तो दुकानदाराच्या बिलात घालतो आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या. सोडा (इथं कोकाकोलासारख्या फसफसणाऱ्या पेयांना सोडाच म्हणतात), एनर्जी ड्रिंक, बाटलीतला गोड चहा, सगळं त्यात येतं. निम्म्याहून जास्त दूध किंवा फळांचा रस असेल तर माफ. आणि गंमत म्हणजे साखरेचा कणही नसलेल्या डाएट सोड्यावरही तेवढाच कर!

हे असं का, ते कळायला मागचं थोडं सांगावं लागेल. तेव्हाचे महापौर मायकेल नटर यांनी २०१० आणि २०११ मध्ये हा कर आणून बघितला. लठ्ठपणा, मधुमेह, लोकांची तब्येत अशी भाषा केली. दोन्ही वेळा नगर परिषदेत बारगळला. मग जिम केनी महापौर झाले. त्यांनी तब्येतीचा विषय बाजूलाच ठेवला. म्हणाले, तीन-चार वर्षांच्या मुलांना बालवाडी हवी, बागा, वाचनालयं, खेळाची केंद्रं पडायला आलीत, पैसे सोड्यातून काढू. मागितले होते ३ सेंट, फक्त साखरेच्या पेयांवर. घासाघीस होऊन १.५ वर आलं आणि तूट भरायला डाएटही आत ओढलं. जून २०१६ मध्ये १३ विरुद्ध ४ मतांनी मंजूर. साखरेसाठी जे जमलं नाही ते मुलांच्या नावावर जमलं.

त्यावरून केवढं रान उठलं होतं म्हणे. आम्ही तेव्हा इथं नव्हतो, पण शेजारी अजून सांगतात. पेयांचे ट्रक चालवणारी टीमस्टर्स ही कामगार संघटना विरोधात, कंपन्यांच्या जाहिराती विरोधात. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी भांडणारे दोघंही यात पडले: हिलरी क्लिंटन बाजूनं, बर्नी सँडर्स विरोधात. सँडर्स यांचं म्हणणं, हा बोजा गरिबांवर पडतो. पुढे कंपन्या कोर्टात गेल्या. सोड्यावर राज्याचा विक्रीकर आहेच, त्याच वस्तूवर शहर दुसऱ्यांदा कर कसा लावतं, असा मुद्दा होता. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१८ मध्ये शहराच्या बाजूनं निकाल दिला: विक्रीकर विक्रीवर, हा वितरणावर. तुमच्या जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात शोभेल असा युक्तिवाद आहे.

खटला चालू होता तोवर निकाल उलटला तर काय, या धास्तीनं बराचसा पैसा शहराच्या सर्वसाधारण निधीत पडून राहिला. विरोधकांना कोलीतच मिळालं. तुम्ही नेहमी म्हणता ना, तिजोरीत गेल्यावर पैशाला नाव राहत नाही. तुमच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला असायचा. १९७५ मध्ये तो रोजगार हमीसाठी म्हणूनच बसवला होता, हे तुम्हीच मला सांगितलंत. किती जणांना ते माहीत असतं? इथं निदान विचारलं की कुणीही सांगतं, तो कर बालवाडीचा.

आता परिणाम. कराच्या पहिल्या वर्षी शहरातल्या मोठ्या साखळी दुकानांत या पेयांची विक्री ५१ टक्क्यांनी घटली. हद्दीबाहेरच्या दुकानांत ती वाढली, ते वजा केलं तरी निव्वळ घट ३८ टक्के. इथं सिटी ॲव्हेन्यू म्हणून रस्ता आहे, त्याची एक बाजू शहरात, दुसरी नाही. रस्ता ओलांडला की बारा कॅनच्या खोक्यावर दोन डॉलर वाचतात. मला आपल्याकडचे जकात नाके आठवतात, फक्त इथं नाका दिसत नाही. गाडीवाला जाऊन डिकी भरून आणतो. ज्याच्याकडे गाडी नाही तो कोपऱ्यावरच्या दुकानातच घेतो आणि कर भरतो.

आणि विक्री घटली म्हणजे पैसाही घटला. वर्षाला ९ कोटी डॉलरच्या वर येतील असा अंदाज होता, आले ७ ते ८ कोटी. बालवाडीच्या ६,५०० जागा करायच्या होत्या, ते उद्दिष्ट ५,५०० वर आणलं. लोकांनी कमी प्यावं ही इच्छा आणि बालवाडीला पैसे मिळावेत ही इच्छा, दोन्ही एकाच कॅनला बांधल्यावर हे होणारच होतं.

आता आमचं सांगते, कारण मला खरं हेच लिहायचं होतं. ओजूच्या वर्गाला उत्पन्नाची अट नाही. तीन-चार वर्षांचं मूल आणि शहरातलं घर, एवढंच बघतात. खाजगीत घातला असता तर महिन्याला हजार-दीड हजार डॉलर गेले असते. आम्ही दोघं नोकरी करतो, सोडा घरात आणत नाही, म्हणजे या कराचा एक सेंटही भरत नाही. वर आमचं घर २०१९ मध्ये बांधलेलं. या शहरात नव्या बांधकामाच्या किमतीवर १० वर्षं घरपट्टी माफ असायची. घर विकलं तरी उरलेली वर्षं नव्या मालकाला मिळतात, तशी ती आम्हाला मिळाली. (२०२२ पासूनच्या नव्या घरांना ही सूट दरवर्षी कमी होत जाते. आमचं त्याआधीचं.) फक्त जमिनीचा कर भरतो. इथल्या घरपट्टीतला निम्म्याहून जास्त वाटा सरकारी शाळांना जातो. म्हणजे शाळेसाठीची घरपट्टी आम्हाला माफ आणि बालवाडीसाठीचा कर बसच्या थांब्यावर एक थंडगार कॅन घेणाऱ्या माणसावर!

सँडर्स यांचा आक्षेप मला अर्धाच पटतो. साखरेच्या पाण्यावर कर असावा, जरूर असावा. या भागात मधुमेहानं पाय कापलेली माणसं व्हीलचेअरवर दिसतात, आणि बालवाडीचा फायदाही गरीब घरांना होतोच. ओजूच्या वर्गात एका रखवालदाराची मुलगी आहे, तिची आई आता दिवसपाळीचं काम करू शकते. पण मुलांचं शिक्षण लोकांच्या तहानेवर टांगून ठेवू नये. ते घरपट्टीतून यावं, आमच्यासकट सगळ्यांच्या.

आपल्याकडचं तर अजून वेगळं. फसफसणाऱ्या गोड पेयांवर आता ४० टक्के जीएसटी, तो कशासाठी हे कुणी सांगत नाही. आणि त्याच सप्टेंबर २०२५ च्या बदलात फळांच्या रसाच्या पॅकबंद पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आईनं पाहुण्यांच्या पोरांसाठी आंब्याचे ते डबे आणून ठेवले असतील, त्यावरची साखर एकदा वाचायला सांगा. काकांना काळजी वाटत असेल तर कळवा, इथल्या सोड्यात बहुतेक मक्याचा पाक असतो, त्यांच्या उसाला यानं धक्का नाही.

पुढच्या महिन्यात पालकांची बैठक आहे, पैसे कमी पडतात हाच विषय. मी घरपट्टीचं बोलणार आहे. अमोल म्हणतो, आपणहून कर वाढवून मागणारी बाई त्यानं पाहिली नाही, आणि सूट कायदेशीर आहे तर लाज कसली. तुम्ही आयुष्यभर लेखाशीर्षं सांभाळलीत, तुमचं मत मला हवंय. त्याच्या बाजूनं असलं तरी चालेल, पण कारणासकट लिहा.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू