शनिवारच्या बैठकीची आठवण : रेल्वेआधीचं उत्खनन

सभासदहो, येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता ऑनलाइन भेटतोय. विषय आधीच कळवला आहे : इंग्लंडमधल्या लंडन–बर्मिंगहॅम 'एचएस टू' (हाय स्पीड टू) या वेगवान रेल्वेमार्गात येणारी जुनी शेतं आणि वाड्या. या मार्गावर शंभराहून अधिक ठिकाणी पुरातत्त्वीय काम झालं.

मुख्य चर्चा नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या चिपिंग वॉर्डन गावाजवळच्या ब्लॅकग्राउंड्सवर. काळ्या मातीवरून पडलेलं हे शेताचं नाव. तिथे इ.स.पू. ४०० च्या सुमाराची तीसहून जास्त गोल घरं निघाली आणि त्यावर वाढलेलं रोमन व्यापारी गाव. १० मीटर रुंद रस्ता, ३०० हून अधिक नाणी! सुमारे ८० जण वर्षभर खणत होते.

येण्याआधी कामाचा क्रम वाचून या. आधी जुने नकाशे, मग मॅग्नेटोमीटरने (जमिनीखालचे चुंबकीय फरक टिपणाऱ्या यंत्राने) पाहणी, मग चाचणी चर, आणि गरज असेल तरच पूर्ण उत्खनन. वरची माती यंत्राने काढतात, पण त्याच्या बकेटला दात नसतात, म्हणजे खालचे थर ओरबाडले जात नाहीत. उभी घरं, गोठे, कोठारं पाडण्याआधी मोजून, फोटो काढून नोंदवतात. तुळयांच्या वर्षवलयांवरून लाकूड कधी तोडलं ते कळू शकतं. माझं विचाराल तर खरी गंमत उकिरड्यात असते. खापरं, हाडं, जळकं धान्य : घरच्यांनी जे फेकलं तेच आपल्याला भेटतं.

प्रश्न शुक्रवारपर्यंत इथेच टाका. मागच्या वेळेसारखे पंधरा मिनिटं उशिरा येऊ नका.