कुलूप उघडा, साहेब: रत्नागिरीहून पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

मी रत्नागिरीत राहते. घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. माझे यजमान सात आसनी गाडी चालवतात आणि पाहुण्यांना दिवसभर हिंडवून सगळं दाखवायचं काम मी करते. १६ वर्षं आमचं घर यावरच चाललं आहे. आपल्याला लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण आपण कामात असणार म्हणून राहून जात होतं. गेल्या रविवारी जे घडलं त्यानंतर मात्र गप्प बसणं मला जमत नाही.

सांगलीहून एक कुटुंब आलं होतं. दोन सुना, त्यांची मुलं आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. आंबा घाट उतरून आदल्या रात्री पोचले होते. आजींना मधुमेह. सकाळी नाश्त्याला घावणे खाल्ले, दोन कप चहा घेतला आणि आम्ही गणपतीपुळ्याच्या वाटेला लागलो. आजी गाडीत अस्वस्थ व्हायला लागल्या तेव्हा मी कड्यावरच्या एका ठिकाणी गाडी थांबवायला सांगितली. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. पांढऱ्या फरशा लावलेलं, दारावर बाईचं चित्र काढलेलं. दाराला कुलूप. दीड वर्षापासून मी ते कुलूप पाहते आहे, आता त्याला गंज चढला आहे.

आजी म्हणाल्या, "मी जरा पलीकडे जाऊन येते." पलीकडे केवड्याचं बन आणि त्यामागे उतार, जांभ्याच्या सुट्या दगडांचा. मी हात धरायला मागोमाग निघाले तर त्यांनी लाजून मला थांबवलं. मी पाठ फिरवून उभी राहिले. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला.

खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, अजून त्या अंथरुणावर आहेत. स्ट्रेचरवर घेताना त्या सुनेचा हात धरून म्हणत होत्या, "माझंच चुकलं गं, सकाळी पाणी प्यायलाच नको होतं." साहेब, गेल्या रविवारपासून माझ्या कानात तेवढंच वाक्य आहे. बाई पडली, हाड मोडलं, आणि चूक कुणाची, तर पाणी प्यायली म्हणून तिचीच.

ते ठिकाण कोणतं हे मी इथे लिहिलेलं नाही. लिहिलं तर तिथला झाडूवाला नाहीतर शिपाई तेवढा धरला जाईल. माझ्या अर्जात नाव आहे, जागेचा फोटो आहे, कुलपाचाही आहे.

आमची रत्नागिरी एका दिवसात बघायची तर कशी बघतात ते आधी सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते आपल्याला कळेल. सकाळी टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर. २३ जुलै १८५६ ला ते तिथे जन्मले. मग पतितपावन मंदिर. १९३१ साली सावरकर इथे स्थानबद्ध असताना ते उभं राहिलं, आणि सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत जाता आलं. तिथून थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. १९१० साली हा वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीपाशी येऊन गेले. परदेशचा राष्ट्राध्यक्ष जिथे डोकं टेकवायला येतो असं हे आमचं गाव आहे. मग रत्नदुर्ग, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, वर भगवतीचं देऊळ आणि दीपगृह. दुपारी आरे-वाऱ्याचा रस्ता. वरच्या वळणावर गाडी आली की दोन्ही किनारे एकदम खाली उलगडतात. १६ वर्षांत हजार वेळा तरी पाहिलं असेल, तरी त्या वळणावर मी अजून बोलायची थांबते. पुढे गणपतीपुळे, मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक, शेवटी जयगडचा किल्ला, कऱ्हाटेश्वराचं देऊळ, आणि उजेड असला तर खाडीकाठी फेरीबोट बघत बसायचं.

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यापासून जयगडपर्यंत हे ४५-५० किलोमीटर होतात आणि थांबत थांबत गेलं की दहा तास जातात. गणपतीपुळ्यात देवस्थानाजवळ सोय आहे. अंगारकीला आणि सुट्टीत तिथे रांग लागते, पण सोय आहे, ते मी नाकारत नाही. बाकी वाटेवर, भरवशाने दार उघडं असेल आणि आत पाणी असेल अशी जागा मला दाखवा. माझ्या वहीत मी नऊ थांबे लिहिले आहेत. गेल्या मोसमात दर फेरीला खूण करत गेले. नवातल्या सहा ठिकाणी एकतर काही नाहीच किंवा कुलूप. दोन ठिकाणी दार उघडं पण पाणी नाही, आणि आत जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुरुषांचं काय, ते गाडी कडेला घेतात. आमच्याकडचा सडा आपण पाहिला असेल. मैलोगणती काळा कातळ, गुडघाभर गवत तेही पावसाळ्यात. त्या सड्यावर बाईने कुठे जायचं? उक्षीचं कातळशिल्प बघायला मी पाहुण्यांना नेते. जांभ्यात कोरलेला हत्ती, कुणी कोरला, का कोरला, अजून नीट उलगडलेलं नाही. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले. पण गेल्या वर्षी पुण्याच्या एक प्राध्यापक बाई त्या हत्तीसमोर जेमतेम पाच मिनिटं उभ्या राहू शकल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, चला लवकर, मला थांबवत नाही." आयुष्यभर त्यांनी तेच शिकवलं होतं, आणि ते समोर आलं तेव्हा त्यांना नीट बघताही आलं नाही.

ते कुलूप का आहे हेही मी विचारून आले आहे, दीड वर्षात अकरा वेळा. एका कार्यालयात सांगितलं, इमारत आम्ही बांधली, चालवणं आमच्याकडे नाही. दुसरीकडे सांगितलं, हस्तांतरण झालेलं नाही, त्यामुळे आम्ही किल्ली घेतलेली नाही. तिसरीकडे कळलं की नळजोडणी अंदाजपत्रकातच नव्हती. सड्यावर विहीर खणायची तर कातळ फोडावा लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये आजूबाजूच्या वाड्यांनाच टँकर लागतो, तिथे या टाकीत पाणी कोण भरणार? झाडणाऱ्या बाईचा पगार कुठल्या खात्यातून द्यायचा हे तर कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे फरशा बसवताना, रंग देताना, फीत कापताना एकाच्याही मनात आलं नाही की इथे पाणी लागेल आणि कुणीतरी रोज ते धुवावं लागेल? घरात न्हाणीघर बांधताना आधी पाणी कुठून येणार ते बघतात. माझी आई चौथी शिकलेली होती, तिलाही हे कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका बैठकीत आम्हा घरगुती निवासवाल्यांना बोलावलं होतं. व्यासपीठावरून शब्द दिला गेला होता की पुढच्या मोसमाच्या आत किनाऱ्यावरच्या प्रत्येक थांब्यावर बायकांची सोय होईल. कोणी दिला ते लिहीत नाही. मी टाळ्या वाजवल्या होत्या. घरी येऊन फोनवर पाहुण्यांना सांगायलाही लागले होते की आता काळजी नाही. त्या टाळ्यांची मला आज लाज वाटते.

आता माझं सांगते. मला हे लिहायला संकोच वाटतो, पण आजी तिकडे पडून आहेत, तेव्हा माझ्या संकोचाला किंमत नाही. सहलीच्या दिवशी मी सकाळी सहानंतर पाणी पीत नाही. मे महिन्यात, कातळ तापलेला असताना, दुपारी चारपर्यंत घसा कोरडा ठेवून बोलत राहते. लघवीच्या जंतुसंसर्गाने आजवर सात वेळा आजारी पडले. दोनदा तापाने फणफणले, एकदा सलाईन लावावं लागलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी यायची होती म्हणून तशीच उभी राहिले. मूतखडा झाला तो वेगळाच. डॉक्टर दरवेळी म्हणतात, भरपूर पाणी प्या. मी मान डोलावते. पाळीच्या दिवसांत काय करत होते ते मी माझ्या मुलीलाही कधी सांगितलेलं नाही. ती पदवीधर आहे, गोड बोलते, तीन भाषा येतात, हा धंदा तिने माझ्यापेक्षा चांगला केला असता. तिने स्पष्ट सांगितलं, "आई, मी हे करणार नाही, तुझी अवस्था मी बघितली आहे." ती आता पुण्याला नोकरी करते. तुम्ही भाषणांत स्थानिक तरुणांना रोजगार म्हणता ना, माझ्या घरातला रोजगार त्या कुलपापायी गेला.

आणि हे एकट्या शौचालयाचं नाही, हे मला आता पटलं आहे. २ ऑक्टोबर २०१९ ला अख्खा ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या भारतात माझा सडा होता का? २०१५ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं. आमच्या जिल्ह्यात महानगरपालिका नाही, म्हणून इथल्या बायकांच्या पोटात वेगळं मूत्राशय असतं का? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा शाळेत नाव घातलेली मुलं कॉलेजात गेली, आणि मुंबईचा पाहुणा अजून फोनवर पहिल्यांदा विचारतो की रस्ता झाला का. २०२३ च्या ऑक्टोबरात चिपळूणला उभारत असलेला उड्डाणपूल कोसळला. २०२५ च्या जुलैत आरे-वाऱ्याच्या पाण्यात एकाच कुटुंबातले चौघे बुडाले, त्यानंतर कितीतरी दिवस त्या वळणावर मी पाहुण्यांना समुद्राकडे बघा असं म्हणू शकले नाही. दरवेळी तीच रीत. मोठं काम, मोठा आकडा, मोठा फलक, आणि ते काम रोज सांभाळणारा माणूस मात्र कागदावरही नाही. बांधायला पैसा असतो, झाडायला नसतो. कारण बांधकामाचं उद्घाटन होतं, झाडण्याचं होत नाही.

आणि तुमच्या गाड्यांचा ताफा येतो तेव्हा आदल्या संध्याकाळी तेच दार उघडलेलं, धुतलेलं, बादलीत पाणी भरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे किल्ली आहे. पाणीही आणता येतं. माणूसही मिळतो. फक्त आमच्यासाठी नाही.

मी फार मागत नाही. ते कुलूप काढा. नळजोडणी होईपर्यंत टँकरने टाकी भरा. गावातल्या बचत गटाला ते चालवायला द्या आणि महिन्याचा पगार ठरवून द्या, वर माणशी पाच-दहा रुपये आम्ही आनंदाने देऊ. दारावर एका माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहा, म्हणजे मला पुढची दीड वर्षं तीन कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. माझे गुडघे आता ऐकत नाहीत. आणि सांगलीच्या त्या आजींच्या दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा, याचंही उत्तर द्या. त्यांच्या सुनांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी रागावायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

आजवर मी या सहली कशा केल्या तेही ऐका. वाटेवर माझ्या ओळखीची चार घरं आहेत. आरेला एक काकू, पुढे एका वाडीत माझ्या मावशीची नणंद, मालगुंडात टपरी चालवणारी एक ताई, आणि जयगडच्या अलीकडे एक मुसलमान भाभी, तिच्या अंगणात गाडी शिरली की ती आधी बादली भरायला घेते. या चौघी आपल्या घरातली मोरी अनोळखी बायकांना उघडून देतात. पैसे घेत नाहीत. मी दर महिन्याला फिनेल आणि साखर नेऊन देते, कधी आंब्याच्या दिवसांत डझनभर आंबे. त्यांच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. महाराष्ट्राचं पर्यटन आमच्या भागात या चार घरांवर उभं आहे, आणि तुमच्या कुठल्याही अहवालात त्यांचं नाव नाही. रविवारी आरेच्या काकू बाहेरगावी होत्या. घराला कुलूप होतं. म्हणून आम्ही त्या कड्यावर थांबलो.

पुढच्या शनिवारी नाशिकहून सात बायका यायच्या आहेत. त्यांतल्या तिघी साठीच्या पुढच्या. काल त्यांचा फोन आला. समुद्र किती लांब, मासे मिळतील का, मोदक मिळतील का, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, "ताई, वाटेत आमची सोय आहे ना?" मी त्यांना सांगितलं, दोन दिवसांत कळवते.

कळावे,

आपली,
रत्नागिरीत घरगुती निवास चालवणारी एक बाई