आमच्या फिजिओ मॅडमना अनावृत पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही 'आधी व्यायाम करा' म्हणून गप्प करता. म्हणून इथे चारचौघांत लिहितोय.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलताना, उजव्या कोपरात 'टक्' वाजलं. आधी जिथे दाखवलं तिथे 'स्नायू लचकलाय, शेक द्या' सांगून मोकळे झाले. हात वाकत होता, मग शंका कुणाला येणार? तुम्ही मात्र बाही वर करायला लावलीत. बेटकुळी खांद्याकडे सरकलेली, कोपराच्या खळग्यात काळंनिळं. मग कोपर काटकोनात, तळवा वर, आणि बाहेरच्या बाजूने तुमचं बोट आत. डाव्या हाताला ते बायसेप्सच्या कंडरेत, म्हणजे बेटकुळीचा स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत, नीट अडकलं. उजवीकडे अडकायला काही नव्हतंच. एमआरआयने नंतर तेच सांगितलं: कंडरा हाडापासून तुटलीय.

पण खरे आभार पुढच्या भांडणाचे! कोच म्हणत होते, स्पर्धा उरकून बघू. आम्ही सांगलीकर. आमच्याच सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर, त्याचा कोपर २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १३९ किलो उचलताना गेला आणि सोनं एका किलोने हुकलं, ते सगळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे 'कोपर गेला की खेळ संपला' हेच डोक्यात. तुम्ही कोचना बसवून समजावलंत: हात वाकवायला दुसरा स्नायू आहे, पण तळवा ताकदीने वर फिरवायचा तर बायसेप्सच लागतो. दोन-तीन आठवडे गेले की तुटलेलं टोक वर आखडून चिकटतं, मग जोडणं अवघड, कधी दुसरीकडची कंडरा लावावी लागते. सर्जनना फोनही तुम्हीच लावलात.

त्यांनी टोक खाली ओढून कोपराखालच्या रेडियस हाडाला भोक पाडलं आणि पलीकडून धातूच्या बटणाने अडकवलं, शर्टाच्या काजात घालावं तसं. नंतर हाताची बाहेरची बाजू बधिर झाली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. 'नस ओढली गेलीय, येईल,' एवढंच म्हणालात. आली.

हातोडीचा दांडा धरून मनगट फिरवायचा तुमचा व्यायाम मात्र वजनं उचलण्यापेक्षा वैतागवाणा! तालमीतली पोरं 'सुतारकाम शिकतोयस का' म्हणून हसायची. आता नळ, चावी, बाटलीचं झाकण, सगळं उजव्या हाताने होतं. बारही उचलतो, फक्त दोन्ही तळवे आत ठेवून. एक तळवा बाहेर करायची उलटी पकड कायमची बंद.

सोमवारी आमच्यातल्या एका पोराला पाठवतोय. खांदा दुखतोय आणि 'काही नाही झालेलं' म्हणतोय. त्याचं काही ऐकू नका, आधी हात लावून बघा.

तुमचा पेशंट