सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीबद्दल छोंगछिंगच्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे लेखी आणि जाहीरपणे लिहीत आहे. जाहीरपणे लिहिण्याला आणखी एक कारण आहे. नोकरीसाठी किंवा वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये आलेल्या आपल्याकडच्या तरुणांना येथे स्थिरावल्यावर मोटारसायकलीची ओढ लागते आणि त्यांना मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो, तो म्हणजे कागदपत्रांच्या नादी लागू नका, सगळे तसेच चालवतात. आपण मला नेमके उलट सांगितलेत. नुसते सांगून थांबला नाहीत, तर दुकानात, सरावाच्या मैदानावर आणि कार्यालयाच्या खिडकीपाशी माझ्याबरोबर उभ्या राहिलात. सगळे नियमानेच व्हावे हा जो आग्रह आपण अखेरपर्यंत सोडला नाही, त्याबद्दल मला आपले आभार मानायचे आहेत.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या भोंग्यांत लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला छोंगछिंग लवकर आपलेसे वाटले, कारण हे शहरही दुचाकींवर मोठे झालेले आहे. येथील च्यालिंग हा मूळचा शस्त्रास्त्रांचा कारखाना १९७९ मध्ये मोटारसायकली बनवू लागला आणि पुढे चोंगशेन, लिफान, लोंचिन ही मोटारसायकल कंपन्यांची नावे याच शहरातून जगभर गेली. यांगत्से आणि च्यालिंग नद्यांच्या संगमावर, डोंगरउतारांवर वसलेल्या या शहरात सायकल फारशी दिसत नाही, पण चढावर झपाझप जाणाऱ्या छोट्या मोटारसायकली जागोजागी दिसतात. मला वाटत होते की चीनमध्ये सगळीकडे असेच असेल. आपण पहिल्याच भेटीत सांगितलेत की मोटारसायकलीचा विचार करताना देश नव्हे, शहर पाहायचे. क्वांगचौमध्ये १ जानेवारी २००७ पासून शहरी भागात मोटारसायकलींना बंदी आली, आणि पेइचिंगमध्ये, म्हणजे बीजिंगमध्ये, आतल्या वर्तुळमार्गांपर्यंत जाऊ देणारी क्रमांकाची पाटी वेगळी आणि बाहेरच्या भागापुरती पाटी वेगळी, अशी विभागणी आहे. बदली झाली तर हीच गाडी नव्या शहरात निरुपयोगी ठरू शकते, हे गाडी घेण्याआधी मला कोणी सांगितले असेल तर ते फक्त आपण. छोंगछिंगमध्येही काही जलद मार्ग मोटारसायकलींना बंद आहेत. घर ते कारखाना या माझ्या रोजच्या वाटेवरच्या बंदीच्या पाट्या आपण आपल्या गाडीवर मागे बसवून मला दाखवल्यात, तेव्हा गाडी घ्यायची की नाही हेसुद्धा माझे ठरलेले नव्हते.

कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी विजेची स्कूटर सुचवली होती, कारण तिला परवाना लागत नाही असा सार्वत्रिक समज आहे. तो समज कोठे खरा आहे आणि कोठे नाही, हे आपण नीट उलगडून सांगितलेत. १५ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या तेव्हाच्या मानकानुसार विजेची सायकल म्हणवून घेण्यासाठी वाहनाचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, वजन बॅटरीसह ५५ किलोच्या आत आणि मोटर ४०० वॅटच्या आत असावी लागत असे, शिवाय पेडलही असावे लागत असे (२०२५ मध्ये हे मानक बदलले). त्यापेक्षा दमदार स्कूटर कायद्याच्या दृष्टीने मोटारसायकलच ठरते आणि तिला परवाना, पाटी व विमा सगळे लागते. छोंगछिंगच्या चढांवर मला उपयोगी पडेल अशी स्कूटर या दुसऱ्या वर्गातलीच होती. परवाना काढायचाच असेल तर तो मनाजोगत्या गाडीसाठी काढावा, हे आपले म्हणणे मला तेव्हाच पटले.

परवान्याच्या बाबतीत आपण जे केलेत, ते मी सर्वांत मोठे मानतो. भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना चीनमध्ये ग्राह्य धरला जात नाही. माझ्या पुण्याच्या परवान्यावर फक्त मोटारीचा वर्ग होता. त्याचे अधिकृत भाषांतर, वैद्यकीय तपासणी आणि शंभरपैकी नव्वद गुणांची लेखी परीक्षा यांवर मला चीनचा मोटारीचा परवाना मिळालेला होता, पण मोटारसायकलीसाठी नवा वर्ग जोडून घेणे आणि त्यासाठी प्रत्यक्ष परीक्षा देणे भाग होते. येथे दोन वाटा आहेत. ‘डी’ वर्ग तीनचाकी मोटारसायकलीचा आहे आणि त्यातच दुचाकीची मुभा येते, तर ‘ई’ वर्ग निव्वळ दुचाकीचा आहे. पुष्कळ लोक ‘डी’ वर्ग निवडतात, कारण तीनचाकी आडवी पडत नाही आणि एकाच परीक्षेत दोन्ही साधते. मीही तेच करणार होतो. आपण म्हणालात, “तीन चाकांवर पास झालास तर कागद मिळेल, तोल मिळणार नाही, आणि रस्त्यावर तुला तोलच लागणार आहे.” ताई, या वाक्याची किंमत मला पहिल्या पावसाळी सकाळी उतारावर कळली.

‘ई’ वर्गाच्या परीक्षेत खांबांमधून नागमोडी जाणे, चढावर ठरलेल्या रेषेवर थांबून पुन्हा निघणे आणि जमिनीपासून उचललेल्या अरुंद पट्टीवरून गाडी सरळ नेणे, असे तीन प्रकार असतात. तिन्हींत वेगाचा काही उपयोग नसतो. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, मागच्या ब्रेकचा हलका आधार घेत, पाय जमिनीला न लावता गाडी हळू चालवता येणे हीच खरी परीक्षा आहे. सुटीच्या दिवशी भल्या सकाळी आपण मैदानावर येत होता, पाण्याच्या बाटल्या रांगेत मांडत होता आणि ‘चाकाकडे बघू नकोस, पुढच्या बाटलीकडे बघ’ असे न कंटाळता सांगत होता. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या या शहरात हे सारे आपण आपला रविवार खर्चून करत होता. आपल्याकडे मोटारसायकल बहुतेकांना मोठा भाऊ किंवा मित्र शिकवतो. मला ती एका ताईंनी शिकवली, आणि इतकी काटेकोरपणे शिकवली की आजही गर्दीत गाडी हळू चालवताना मला घाम फुटत नाही. लेखी परीक्षेच्या प्रश्नसंचातली चिनी वाक्ये आपल्या लेकीने स्वतःचा अभ्यास सांभाळून माझ्याकडून घोकून घेतली, तिचेही ऋण मोठे आहे.

गाडी निवडण्याची वेळ आली तेव्हा माझे मन अडीचशे सीसीकडे ओढ घेत होते. येथील दुकानांत अडीचशे, तीनशे, पाचशेच्या देखण्या गाड्या ओळीने उभ्या असतात आणि आपल्याकडच्या मानाने त्यांच्या किमती मोह पाडणाऱ्या असतात. आपण मला कोणतीही गाडी नाकारायला सांगितले नाही, फक्त हिशेब मांडून दाखवलात. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार १५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीला वाहनखरेदी कर नाही आणि त्यावरच्या गाडीला तो दहा टक्के आहे. सक्तीच्या विम्याचा मूळ दर ५० ते २५० सीसीपर्यंत वर्षाला १२० युआन आणि त्यापुढे ४०० युआन आहे. माझी रोजची वाट चढउतारांची, वळणांची आणि सिग्नलांची आहे, तेथे तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या वर जाण्याची वेळ क्वचितच येते. मग वजनाने हलकी, सीटवर बसून दोन्ही पाय नीट टेकतील अशी आणि गल्लीतल्या कोणत्याही मेकॅनिकला उघडता येईल अशी गाडी घेण्यात शहाणपण होते. छोटे इंजिन ही काटकसरीची निवड आहे असे मी समजत होतो. या शहरासाठी तीच योग्य निवड आहे, असे आज मी कोणालाही ठामपणे सांगेन.

जुन्या गाडीचा प्रसंग येथे लिहिणे आवश्यक आहे. एका विक्रेत्याकडे जुन्या घडणीची, गोल दिव्याची सव्वाशेची गाडी मी पसंत केली होती. किंमत कमी होती आणि इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. आपण गाडीकडे न पाहता प्रथम हिरव्या मुखपृष्ठाचे नोंदणीपुस्तक मागितलेत. ते नव्हते, आणि सांगाड्यावरचा क्रमांक कोणत्याच कागदाशी जुळवता येत नव्हता. विक्रेता म्हणाला की परदेशी माणसाला कोण अडवणार. आपण शांतपणे त्याचे आभार मानून मला बाहेर आणलेत आणि रस्त्यावर उभ्या राहून समजावलेत की विनापरवाना वाहन चालवल्यास २०० ते २,००० युआन दंड आणि १५ दिवसांपर्यंत कोठडी होऊ शकते, आणि निवास परवान्यावर राहणाऱ्या माणसाने दंडाच्या रकमेपेक्षा कोठडीची नोंद अधिक गंभीर मानावी. गाडी विनानोंदणी असेल तर विमा नाही, आणि विमा नसताना कोणाला धक्का लागला तर त्या माणसाच्या उपचारांचे काय, हा प्रश्न आपण विचारलात. माझ्या आधी आपल्याला त्या अनोळखी पादचाऱ्याची काळजी वाटली, हे मी कधी विसरणार नाही.

नियमित कागदपत्रांची जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आपण सांगितलेल्या दोन गोष्टी येथे नोंदवतो. दुचाकी मोटारसायकलीचे आयुष्य कायद्याने १३ वर्षे धरले आहे, त्यानंतर ती मोडीत काढावी लागते, म्हणून स्वस्त गाडीची किती वर्षे शिल्लक आहेत ते आधी मोजावे. दुसरे असे की १ जुलै २०१९ पासून नव्या नोंदणीसाठी ‘राष्ट्रीय चार’ हे प्रदूषण मानक लागू आहे, त्यामुळे कधीच नोंद न झालेली जुनी कार्बुरेटरची गाडी नंतर नोंदवून घेऊ, या विक्रेत्याच्या आश्वासनाला अर्थ नसतो.

शेवटी मी फ्युएल इंजेक्शनची नवी सव्वाशे सीसीची गाडी घेतली, दहा हजार युआनच्या आत. बिल करताना आपण दाखवलेली दक्षता मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्याकडच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव असते आणि दुकानदार सवयीने ते गाळतो. बिल, विम्याचा कागद, पोलिसांकडील निवासनोंदीची पावती आणि पासपोर्ट या सर्वांवर नाव अक्षर न् अक्षर सारखे नसेल तर वाहन कार्यालयाच्या खिडकीवरून माणूस परत येतो. आपण बिल छापण्यापूर्वी संगणकाच्या पडद्यावर माझ्या नावाचे एकेक अक्षर तपासलेत. कारखान्याचे प्रमाणपत्र, बिल आणि विमा घेऊन आपण कार्यालयात गेलो, सांगाड्यावरच्या क्रमांकाचा ठसा कागदावर उमटवून घेतला गेला आणि काम एका फेरीत झाले. पिवळी पाटी हातात आली तेव्हा माझ्यापेक्षा आपल्याला अधिक आनंद झालेला मी पाहिला आहे.

सक्तीच्या विम्यातून जखमी माणसाच्या उपचारांसाठी मिळणारी कमाल रक्कम १८,००० युआन असते आणि मोठ्या अपघातात ती अगदीच अपुरी पडते, हे सांगून आपण मला वेगळा अपघात विमाही घ्यायला लावलात. हेल्मेटच्या बाबतीत तर आपण गाडीच्या रंगापेक्षा जास्त वेळ घेतलात. पेट्रोल पंपावर मोटारसायकल थेट नळीखाली न लावता धातूच्या किटलीत ९२ क्रमांकाचे पेट्रोल घेऊन ते बाजूला टाकीत ओतावे लागते, हे आपण आधी दाखवले नसते तर पहिल्या दिवशी मी गोंधळून गेलो असतो. उजव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीत डावीकडे वळताना काय करावे, आवाज न करता मागून येणाऱ्या विजेच्या स्कूटरींसाठी आरशात किती वेळा पाहावे आणि ओल्या लोखंडी झाकणांवर ब्रेक का लावू नये, हे तर आपण माझ्या मागे बसून शिकवलेत.

गेल्या शरदात आपण दोघे पती-पत्नी आणि मी जुन्या राष्ट्रीय मार्गाने ताचूची डोंगरात कोरलेली बौद्ध शिल्पे पाहायला गेलो, तो दिवस माझ्या येथील वास्तव्यातला सर्वांत आनंदाचा होता. लहानपणापासून अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला तेथल्या पाओतिंगच्या डोंगरातले निद्रिस्त बुद्ध पाहताना जे वाटले, ते आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. द्रुतगती मार्ग टाळून गेल्यामुळे वाटेतली भातखाचरे, बाजाराची गावे आणि संत्र्यांचे मळे पाहता आले. सव्वाशे सीसीच्या दोन गाड्यांनी ते अंतर कुरकुर न करता पार केले. आपली गाडी पुढे, माझी मागे, आणि प्रत्येक वळणापूर्वी आपला दिवा वेळेवर लागत होता.

ताई, आपला वेळ, आपले रविवार आणि माझ्यासाठी वेगवेगळ्या खिडक्यांवर आपण खर्च केलेले शब्द यांची परतफेड मला करता येणार नाही, आणि आपण ती स्वीकारणारही नाही. भाऊजींनी आपल्या अवजारांच्या पेटीची किल्ली मला कायमची देऊन टाकली आहे, त्यांनाही माझा नमस्कार सांगावा. पुढच्या महिन्यात आपल्या गाडीची साखळी बदलायची आहे असे आपण म्हणाला होता. ते काम या वेळी मला करू द्यावे, एवढी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
पिंपरीचा धाकटा भाऊ