सुनेला उठवलं नाही

13 मे 2025

प्रिय कुंदा,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. फोनही दरवेळी तूच करतेस. रागावली असशील आणि ते बरोबरच आहे. तब्येती ठीक. माझी साखर आटोक्यात आहे, यांचा उजवा कान मात्र आता पुरताच गेला. कारगिलच्या लढाईत द्रासच्या तोफांनी नेलेला कान, पंचवीस वर्षं थोडंथोडं ऐकत होता एवढंच.

पोरगं गावच्या यात्रेला आलं होतं. सुनेला सातवा लागणार म्हणून सुट्टी लांबवून घेतली होती, डोहाळजेवण 11 तारखेला धरलं होतं. पहलगामला ते 26 जण मारले गेले आणि त्यानंतर दहाव्या दिवशी सुट्टी रद्द झाल्याचा फौजेतून फोन आला. तासाभरात बॅग भरली. हे काही बोलले नाहीत, फक्त त्याचे बूट पुसून ठेवले. कुठं जातोस असं आपण विचारत नाही, तुला माहीतच आहे. आपल्या वेळी निदान 56 एपीओ हा फौजेच्या टपालाचा पत्ता लिहिला की पत्र कुठंतरी जातंय असं वाटायचं.

आता खरं सांगते. ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी सुनेला ताण नको म्हणून सांगितलंय, बीपी वाढतंय. ती रात्र-रात्र मोबाईलवर बातम्या बघायची. म्हणून मी दहा वाजले की तिचा फोन बंद करून फ्रीजवर ठेवायला लागले. 7 तारखेला पहाटे आपल्या फौजेनं सीमेपलीकडे नऊ ठिकाणी हल्ले केल्याची बातमी आली. ती दिवसभर जेवली नाही. रात्री कशीबशी झोपली आणि साडेअकराला माझा फोन वाजला. तोच होता. तिचा फोन बंद लागला म्हणून मला केलेला.

म्हणाला, "आई, ती जागी आहे का?"

मी म्हटलं, "आत्ताच डोळा लागलाय रे." आणि मीच बोलत बसले. जेवलास का, पाणी आहे का, पाय कसा आहे. पलीकडून कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला. स्क्रीनवर एक मिनिट चाळीस सेकंद दिसत होतं. कुंदे, ती चार पावलांवर झोपली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. झोपमोड नको हे निमित्त झालं. मला त्याचा आवाज एकटीला हवा होता.

सकाळी सांगणार होते, पण तिचं तोंड बघून धीर झाला नाही. उद्या परत फोन येईल, मग सांगू, असं म्हटलं. उद्या आला नाही, परवाही नाही. गुरुवारी रात्री तर टीव्हीवर पाकिस्तानचं एकेक शहर घेतल्याच्या बातम्या ओरडून सांगत होते. यांनी टीव्ही बंद केला. "आम्ही गोळा टाकायचो तो कुठं पडला ते पुढं टेहळणीला बसलेला ओपी वायरलेसवर सांगायचा, तेव्हा आम्हाला कळायचं," म्हणाले, "या पोरांना इथं बसून बरं कळतं!" सकाळी त्यातलं बरंचसं खोटं निघालं. पण सून ती रात्र पोटावर हात ठेवून बसून होती, आणि मी तिला "त्याचा फोन आला होता" एवढे चार शब्द दिले नाहीत.

तुला आठवलं ना? 1999 चा जून. तुझ्या अण्णांच्या एसटीडी बूथचा, निरोप पोचवायचा पी.पी. नंबर, यांचा फोन आलेला, मी मळ्यात. आत्याबाई बोलल्या आणि मला तिसऱ्या दिवशी, तेही शेजारणीला सांगताना कळलं. मी सासूशी किती वर्षं मनातून बोलले नाही, हे तुला एकटीला माहीत आहे. आणि तुझ्याशी भांडले ते वेगळंच. सायकल दारात उभी असताना मळ्यात का आली नाहीस! टायगर हिल घेतल्यावर तू पेढे घेऊन आलीस आणि मी दार उघडलं नाही. ते पेढे तू पायरीवर बसून एकटीनं संपवलेस हे मात्र मी अजून सगळ्यांना सांगते. सायकल पंक्चर होती असं तू आजवर म्हणत आलीस. असेल बाई, आता मानते.

शनिवारी शस्त्रसंधी झाली. रविवारी डोहाळजेवण केलं, मोडायला मन होईना. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने, आणि ओटीतल्या खणानारळावर तिचा फोन. गाणी चालू असताना तो वाजला. ती तशीच उठून माडीवर गेली. खाली आली तेव्हा रडलेली होती, पण हसली सगळ्यांकडे बघून. रात्री चुडा उतरवताना एवढंच म्हणाली, "बुधवारी फोन केला होता म्हणाले."

मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. दोन दिवस झाले, चहा वेळेवर देते, गोळ्यांची आठवण करते, आई आई म्हणते. असं मीही करायचे गं आत्याबाईंशी. माफी मागावी म्हटलं तर काय म्हणू? त्या गेल्या तेव्हाही मी हे काढलं नाही, त्यांनीही नाही. तू असतीस तर तिच्याजवळ बसून काहीतरी बोलली असतीस. मला तिच्या खोलीचं दार ढकलवत नाही.

हवाई हल्ल्याच्या मॉक ड्रिलच्या यादीत तुमच्या मनमाडचं नाव होतं, घाबरला नाहीत ना? भावजींची रिटायरमेंट याच वर्षी ना? धाकटीच्या बारावीचं कळव, आणि गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढं ढकलू नकोस.

हे पोचल्यावर पत्रच लिही. फोन करू नकोस. कुणाचाही वाजला तरी ती पोट धरून धावत येते.

तुझी,
शालू