शाळेचा शेवटचा दिवस वर्गातच होऊ द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : प्राथमिक शाळांच्या वर्षअखेरच्या कार्यक्रमाचे परिपत्रक फेब्रुवारीतच काढण्याबाबत

महोदय,

दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबईच्या प्राथमिक शाळांत शिकवणारे शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांवर काम करणारे पालक, असे आम्ही मिळून हे पत्र लिहीत आहोत. आमचे मागणे एवढेच आहे की वर्ष संपल्याचा आनंद मुलांना त्यांच्या स्वतःच्या वर्गात, सकाळच्या वेळी आणि सगळी मुले गावी जाण्याआधी साजरा करता यावा. आज हे तिन्ही घडत नाही. त्याची कारणे आणि त्यावरचे उपाय आम्ही इथे तपशिलाने मांडत आहोत.

आधी तारखेबद्दल. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल १ मे रोजी लागला. महाराष्ट्र दिनाचे मुख्य ध्वजारोहण सकाळी ८ वाजता असते, त्यामुळे शाळेचे झेंडावंदन त्याआधी उरकून लगेच प्रगतिपत्रके वाटायची, अशी पद्धत आहे. त्या सकाळी तुर्भे, दिघा, पावणे या भागांतल्या वर्गांत डोकावलात तर निम्मे बाक रिकामे दिसतील. खदाणीवर, बांधकामावर, नाक्यावर काम करणारी कुटुंबे शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी निघतात. कोणी कलबुर्गीला जाते, कोणी नांदेड-लातूरकडे, कोणी उत्तर प्रदेशात. लग्नसराई असते, गावची जत्रा असते, गाडीचे आरक्षण महिनाभर आधी झालेले असते. वर्षभर ज्या मुलासाठी खपलो, त्याचे प्रगतिपत्रक मग जूनपर्यंत कपाटात पडून राहते.

म्हणून निकाल १ मे रोजीच लागू द्या, पण आनंदाचा दिवस त्याच्यापासून वेगळा काढा. परीक्षा सुरू होण्याआधीचा शनिवार आम्ही सुचवतो. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे अभ्यासाऐवजी उपक्रमांचा शनिवार, २०२४ पासून शासनाच्याच आदेशाने आहे, त्यामुळे नवा दिवस शोधावा लागत नाही. शिक्षकांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अजून आलेले नसतात आणि मूलही पेपरच्या धाकात नसते. शिवाय निकाल हातात नसल्यामुळे पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर पुकारायचा मोह होत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २०१० पासून आहे आणि त्यात श्रेणी व वर्णनात्मक नोंदी आहेत. तरीही वर्षअखेरीला टाळ्या तिघांनाच मिळतात आणि बाकीची पस्तीस मुले खाली बसून बघतात.

उन्हाबद्दल कोणाला वेगळे सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी इथे शेजारीच, खारघरच्या मैदानावर, उघड्यावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसे गेली. तीही मोठी माणसे. लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि तहान लागली हे ते वेळेवर सांगत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे पारा ३४-३५ वर असला तरी त्रास चाळिशीचा होतो. मांडव घातला म्हणजे सावली झाली असे वाटते, पण तिन्ही बाजूंनी कनाती बांधल्या की वारा अडतो, आणि वर पत्रा असेल तर दहानंतर खाली उभे राहवत नाही. मार्च २०२५ मध्ये शासनानेच प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ केली होती. हा कार्यक्रमही साडेसातला सुरू होऊन साडेदहाला संपलाच पाहिजे, असे परिपत्रकात लिहा. पाहुणे यायचे आहेत म्हणून मुलांना बसवून ठेवायचे नाही, हेही त्यात स्पष्ट लिहा. लोक हेच वाक्य वाचतील आणि पाळतील.

पोशाखांचे मात्र जवळून बघायला हवे. पहिलीतली मुलगी सकाळी सहाला उठते. तिला शिवलेली नऊवारी नेसवतात, अंबाडा घालतात, लिपस्टिक लावतात. तिच्या नाचाचा नंबर येतो साडेदहाला. मधले तीन-चार तास ती पाणी पीत नाही, कारण ओठांचा रंग जाईल असे तिला बजावलेले असते. शू लागली तरी ती सांगत नाही, कारण नऊवारी तिला एकटीला सोडता येत नाही. चक्कर येणारी मुले बहुतेक वेळा हीच असतात, आणि चक्कर आली तेव्हा ऊन नव्हते म्हणून मोठ्यांना कोडे पडते. पोशाख भाड्याचा असतो, कापड सिंथेटिक असते आणि ते घाम टिपत नाही. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाच्या एका दिवसाच्या मजुरीतला मोठा हिस्सा त्या भाड्यात जातो, वर अनामत भरावी लागते ती वेगळी. गणवेशातच नाचू द्या. डोक्याला रंगीत ओढणी किंवा हातात रुमाल एवढे पुरते.

वर्गात करायचे काय, तर दोन गोष्टी. पहिली म्हणजे दोरी. भिंतीला समांतर सुतळी बांधायची आणि त्यावर प्रत्येक मुलाची दोन पाने चिमट्यांनी लावायची : एक जून-जुलैमधले, एक मार्चमधले. जूनच्या पानावरचा ‘क’ ओळ सोडून खाली उतरलेला असतो आणि मार्चच्या पानावर तेच मूल चार ओळींची गोष्ट लिहिते. हा फरक पालकाला वाचता येत नसला तरी दिसतो. सुतळी जमिनीपासून अडीच-तीन फुटांवरच बांधावी. मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बांधली की पहिलीच्या मुलाला आपले पान बोट लावून दाखवता येत नाही. नायलॉनची दोरी वजनाने झोळ खाते, म्हणून सुतळी घ्यावी आणि दर दोन मीटरला खिळ्याचा किंवा खिडकीच्या गजाचा आधार द्यावा. एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवणे शक्य नाही आणि पंखा लावला की पाने उडतात, म्हणून प्रत्येक पानाला खालूनही एक चिमटा लावायचा, त्याच्या वजनाने पान सरळ राहते. चाळीस मुलांना ऐंशी पाने म्हणजे वर-खाली मिळून १६० चिमटे लागतात. पालकांना प्रत्येकी चार चिमटे घरून आणायला सांगितले तर एक पैसाही पडत नाही. जूनचे पान मार्चमध्ये सापडत नाही, ही खरी अडचण. वह्या भरल्या की रद्दीत जातात. शाळा उघडल्यावर पहिल्याच पंधरवड्यात प्रत्येकाचे एक पान फाईलला लावून ठेवा, ही सूचना आपल्या परिपत्रकात असेल तरच पुढच्या वर्षी दोरी भरेल.

दुसरी गोष्ट म्हणजे एक वाक्य. वर्गशिक्षक प्रत्येक मुलाला नावाने पुढे बोलावतील आणि सगळ्यांसमोर त्याच्याबद्दल एक खरे वाक्य बोलतील. ‘हा हुशार आहे’ हे चालणार नाही. ‘हिने वर्षभर फळ्याखालचे खडूचे तुकडे गोळा करून डबीत ठेवले’ असे हवे. ‘याला ऑक्टोबरपर्यंत हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आता तो शेजाऱ्याला शिकवतो’ असे हवे. एका मुलाला ४५ सेकंद धरले तर चाळीस मुलांना अर्धा तास लागतो. ही वाक्ये आदल्या आठवड्यात रोज आठ मुलांची अशी लिहून काढावी लागतात, ऐनवेळी सुचत नाहीत. सुचत नसलेल्या मुलाकडे मग तो आठवडा नीट बघितले जाते, आणि आमच्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वात मोठा लाभ हाच आहे.

पालकांची वेळ ७.३० ते ८.३० ठेवावी. सभा दहाला ठेवली की घरकाम करणाऱ्या आया येऊ शकत नाहीत, आणि मग पालकांना आस्था नाही असा शेरा पडतो. रात्रपाळी करून एमआयडीसीतून सुटणारे वडील साडेसातला येऊ शकतात. एका खोलीत चाळीस मुले आणि तेवढेच पालक दाटीने मावतात, त्यामुळे बाक आदल्या दिवशी व्हरांड्यात काढून सतरंज्या घालाव्यात. ध्वनिक्षेपक लागतच नाही. शाळेभोवतीचे १०० मीटर तसेही शांतता क्षेत्र आहे.

खाण्यापिण्याचा हिशेब २०० मुलांचा देतो. प्रत्येकी १५० मिलिलिटर पन्हे म्हणजे ३० लिटर. त्याला १० किलो कैरी, सुमारे ८ किलो गूळ, १५० ग्रॅम मीठ आणि वेलची लागते. कैऱ्या आदल्या संध्याकाळी उकडून गर काढून ठेवायचा आणि गूळ-पाणी सकाळीच मिसळायचे. रात्रीच तयार केलेले पन्हे या उकाड्यात सकाळी फसफसते. भांडे स्टीलचेच हवे, ॲल्युमिनियमच्या टोपात आंबट गर ठेवू नये. बाजारातला लादीचा बर्फ घालायचा नाही. अखाद्य बर्फाला निळा रंग देणे राज्यात २०१८ पासून बंधनकारक आहे, पण फिकट निळसर लादी वितळली की कोणाला ओळखू येत नाही. दोन मोठे माठ आदल्या रात्री भरून ठेवले की त्या पाण्यातले पन्हे पुरेसे गार लागते. याशिवाय साधे पाणी मुलामागे अर्धा लिटर, म्हणजे २० लिटरचे पाच जार, आणि ते मुलांचा हात पोचेल असे ठेवावेत.

पोह्यांना ८ किलो जाडे पोहे, ३ किलो कांदा, १ किलो शेंगदाणे, सव्वा लिटर तेल. सगळे एका टोपात केले की खालच्या पोह्यांचा गोळा होतो, म्हणून दोन-दोन किलोंचे चार घाणे काढावेत. ओले खोबरे वरून घालायचे नाही, दहा वाजेपर्यंत ते आंबते. क्रीमचा केक तर नकोच. सोबत एकेक केळे दिले की झाले. पोषण आहार योजनेत लोकसहभागाच्या ‘तिथी भोजना’ची तरतूद आहे, वस्तीतल्या कोणाला काही द्यायचे असेल तर ते त्या वाटेने, शाळेच्या नोंदीत येऊन द्यावे. एखादे मूल मलूल झाले, ओकारी आली किंवा असंबद्ध बोलू लागले तर त्याला पंख्याखाली आडवे करून मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवायचे आणि वाट न बघता १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. हे प्रत्येक वर्गाच्या दारामागे लिहून चिकटवलेले असावे.

या सगळ्याला मुलामागे २५ रुपयांच्या आसपास खर्च येतो, २०० मुलांना ५ हजार. रक्कम थोडी आहे, पण ती वेळेवर मिळत नाही. ‘समग्र शिक्षा’ योजनेतले संमिश्र शाळा अनुदान पटानुसार मिळते, १०१ ते २५० पटाला ५० हजार. न वापरलेली खर्चमर्यादा ३१ मार्चला परत जाते आणि एप्रिलमध्ये खात्यावर काही नसते. मग शिक्षक आपल्या खिशातून घालतात किंवा पालकांकडून वर्गणी गोळा होते, आणि ज्याने वर्गणी दिली नाही ते मूल त्या दिवशी शाळेला येतच नाही. म्हणून ही रक्कम वेगळ्या शीर्षाखाली फेब्रुवारीअखेर शाळेला द्या. गूळ, पोहे, सुतळी, तेल मार्चमध्येच घेऊन ठेवता येते. कैरी, केळी, कांदा हा नाशवंत माल एप्रिलमध्ये घेण्याची मुभा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर द्या.

आणखी एक टेबल त्या शनिवारी दाराशी हवे. प्रत्येक पालकाला तिथे एकच प्रश्न विचारायचा : जूनमध्ये मूल इथेच येणार ना? उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे आले तर तिथेच शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज भरून घ्यायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पालकांना यातले काही माहीत नसते. दाखला नाही म्हणून मूल गावात जून-जुलै घरी बसते आणि मग गुरांमागे किंवा लहान भावंडामागे लागते. युडायस या केंद्राच्या नोंदप्रणालीतला ११ अंकी कायम क्रमांक आणि सरल या राज्याच्या नोंदप्रणालीतला १९ अंकी क्रमांक मुलाच्या एखाद्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. कागद हरवतो, मोबाईल नंबर बदलतो, पण त्या वर्षाची चित्रकलेची वही बहुतेक आया जपून ठेवतात. नव्या शाळेला कायम क्रमांक हाती मिळाला की मूल शोधणे सोपे जाते.

परिपत्रक एप्रिलमध्ये आले तर यातले काहीच जमणार नाही. तोवर मंडपवाल्याला आगाऊ पैसे गेलेले असतात, पोशाख ठरलेले असतात आणि गाड्यांची तिकिटे काढून झालेली असतात. ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, शक्य तर मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड या चारही भाषांत काढावे, म्हणजे शाळेच्या फलकावर लावल्यावर घरच्यांनाही वाचता येईल.

आपले,
नवी मुंबईतील प्राथमिक शाळांचे शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक सदस्य