आशाताई, पोटरी दाबून पाहता त्याबद्दल आभार

आशाताईंना सप्रेम नमस्कार,

भातलावणीच्या दिवसांत कोकणात कुणाचं अंग दुखत नाही? दिवसभर वाकून रोपं लावली की कंबर, मांड्या भरून येणारच. तरीही 'अंग मोडून आलंय' म्हणणाऱ्या प्रत्येकाची पोटरी तुम्ही अंगठ्याने दाबून बघता, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

कामाचा ठणका दुसऱ्या दिवशी सुरू होतो, दोन-तीन दिवस चढतो आणि आठवड्याभरात उतरतो. राबलेले स्नायू तेवढे दुखतात, ताप नसतो. लेप्टोत, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंमुळे होणाऱ्या आजारात, थंडी वाजून एकदम ताप भरतो, डोकं फुटतं, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत. पोटरीला हात लावताच माणूस पाय ओढून घेतो. चिखलात उतरल्यापासून हे सुरू व्हायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात. तोवर लावणी आटोपलेली असते, त्यामुळे तापाचा संबंध वाफ्याशी कुणी जोडत नाही. तुम्ही जोडता. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्याही बघता, कारण उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू अशाच फुटलेल्या कातडीतून आत शिरतात.

सगळ्यात मोलाचं म्हणजे दुकानातल्या डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीपासून तुम्ही लोकांना परतवता. लेप्टो मूत्रपिंडं धरतो, त्यात ही गोळी पडली की लघवी आणखी कमी होते. दुखण्याला पॅरासिटामॉल आणि त्याच दिवशी केंद्रात, हेच बरोबर. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर रिपोर्टसाठी उपचार अडवत नाहीत.

लेप्टो होऊ नये म्हणून द्यायची डॉक्सिसायक्लिनची गोळी, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, तुम्ही समोर उभं राहून जेवणानंतर देता. उपाशीपोटी मळमळतं आणि पुढच्या वेळी गोळी गटारात जाते! पेलाभर पाणी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालची मुलं तुम्ही न विसरता वगळता.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर दोन्ही मांड्या दुखायला लागलेले आजोबाही तुम्ही पाठवलेत, तेही योग्यच. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर मात्र अशा माणसाला उद्यावर ठेवू नका.

पुढच्या आठवड्याच्या गोळ्या उपकेंद्रात ठेवल्या आहेत. डोंगरापलीकडच्या वाडीची लावणी उशिरा होते, तिथल्या गोळ्या वेगळ्या बांधल्या आहेत.

आपले,
प्राथमिक आरोग्य केंद्रातील सहकारी